ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल स्वतः बदलायचं का? पाना हातात घ्यायच्या आधी हे बघा

इंजिन ऑईल दोनचार वेळा स्वतः बदललं की पुढचा विचार येतोच, गिअरबॉक्सचं पण आपणच करूया, पॅन (खालची ऑईलची ट्रे) खोलायचा, फिल्टर टाकायचा, ऑईल भरायचं, त्यात काय एवढं. मी पण असंच ठरवलं होतं. आणि खोलणं खरंच अवघड नाही. अवघड आहे ते शेवटी लेव्हल बरोबर लावणं, त्यामुळे माझ्या मते सगळा निर्णय ह्याच्यावर घ्यावा की तुमच्या ट्रकची लेव्हल तुम्हाला खात्रीने तपासता येते का. येत असेल तर करा, नसेल तर बाकी सगळं जमत असलं तरी गाडी गॅरेजला द्या.

आधी गिअरबॉक्स कुठला ते बघा. ऑटोमॅटिक म्हणतात त्यातल्या बऱ्याच ट्रकमध्ये एएमटी असतो, म्हणजे आत साधा मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम गाडी स्वतः करते. त्याला बहुतेक वेळा साधं गिअर ऑईल लागतं, त्याचा हिशोब वेगळा. मी टॉर्क कन्व्हर्टरवाल्याबद्दल बोलतोय, म्हणजे ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स ऑईलच्या जोरावर जोडलेले असतात. त्यातलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास ऑईल) वंगणाचं काम करतंच, शिवाय त्याच्याच प्रेशरने आतले क्लच दाबले जातात, त्याच्याच जोरावर इंजिनची ताकद पुढे जाते आणि उष्णता पण तेच बाहेर नेतं. म्हणून लेव्हलला एवढं महत्त्व. कमी पडलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फिरणारे पार्ट ते घुसळून फेस करतात, दोन्हीकडून एकच होतं, प्रेशर पडतं, क्लच घसरतो आणि जळतो.

डिपस्टिक (लेव्हल बघायची पट्टी) असेल तर काम बरंच सोपं. गाडी सपाट जागेवर, गिअरबॉक्स गरम, इंजिन चालू, लीव्हर पी म्हणजे पार्कमध्ये (काही गाड्यांत एन म्हणजे न्यूट्रलमध्ये, मॅन्युअल बघाच) आणि मग रीडिंग. डिपस्टिक नसेल तर बहुतेक वेळा बाजूला किंवा खाली पॅनला एक चेक प्लग असतो, ऑईल ठराविक तापमानाला आलं की चालू इंजिनवर तो उघडायचा आणि त्यातून बारीक धार थेंबांवर येईपर्यंत थांबायचं. हे तापमान कुठे 30 ते 50 अंश असतं, कुठे त्याहून बरंच जास्त, आणि ते कळायला सहसा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून रीडिंग दाखवणारं यंत्र) लागतो. शिवाय ट्रक पूर्ण लेव्हलमध्ये हवा, म्हणजे नुसता पुढून उचलून चालत नाही, चारी चाकं सारखी उचलून मजबूत जॅक स्टँडवर, किंवा मग पिट हवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकखाली जाऊ नका, कधीच नाही. स्कॅनर नाही, चार स्टँड नाहीत, तर उत्तर तिथंच मिळालं.

आता जुनं ऑईल काय सांगतं ते बघा. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. बहुतेक एटीएफ नवीन असताना लाल असतं, वापराने थोडं तपकिरी होणं साहजिक आहे. पण काळं पडलंय आणि करपल्यासारखा वास येतोय तर क्लच जळलेत, आणि गाडी जर आधीच घसरत असेल, म्हणजे रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर नवीन ऑईलने ते बरं होणार नाही, आधी जाणकाराला दाखवा. ऑईल दुधाळ गुलाबी दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय, बऱ्याचदा रेडिएटरच्या आतला कूलर (गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणारा) फुटून. अशी गाडी चालवत पण नेऊ नका, टो करून न्या.

ऑईलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच घ्या. डेक्स्रॉन 6, मर्कॉन एलव्ही, एटीएफ प्लस 4, हे सगळे वेगळे. मर्कॉन 5 आणि मर्कॉन एलव्ही हे पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत, नाव सारखं असलं तरी.

करायचं ठरलंच तर ड्रेनच्या आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघून घ्या, नाहीतर ऑईल सगळं खाली आणि भरायचा रस्ता बंद. गाडी थोडी थंड होऊ द्या, गरम एटीएफ हात भाजवतं. पॅन काढून सगळं ऑईल येत नाही, बरंच कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं, म्हणून निघालेलं मोजून ठेवा आणि सुरुवातीला तेवढंच भरा. पॅनमधल्या मॅग्नेटवर बोट फिरवा. काजळासारखी मऊ करडी पेस्ट लागली तर ठीक, ती नेहमीची झीज आहे, पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर थांबा, आत काहीतरी तुटलंय.

माझी चूक फिल्टरच्या सीलची झाली. फिल्टर ओढल्यावर जुनं सील वर भोकातच चिकटून राहिलं, काळं भोक, काळं सील, दिसलंच नाही, मी नवीन फिल्टर नवीन सीलसकट त्याच्यावर दाबला. गाडी चालू केल्यावर बारीक किणकिण आवाज आणि डी टाकला की दोन सेकंद काहीच नाही. ताबडतोब बंद केली, परत पॅन खाली, आणि नवीन ऑईल सगळं वाया. तेव्हापासून टॉर्च लावून त्या भोकात बोट घालून बघतो. पॅनचे बोल्ट पण हाताच्या अंदाजाने आवळू नका, ते बऱ्याच गाड्यांत 10 ते 15 न्यूटन मीटरच मागतात, जास्त आवळले की पॅन वाकतो, पॅकिंग बाहेर येतं आणि गळती सुरू.

काही गिअरबॉक्सला फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, अख्खा पॅन बदलावा लागतो. अॅलिसन 1000 ह्या गिअरबॉक्सला मात्र बाहेरून इंजिनसारखा फिरवायचा फिल्टर आहे, पहिल्यांदा करणाऱ्याला हा सगळ्यात बरा, फक्त जुन्या फिल्टरवरचा गोल मॅग्नेट काढून नवीनला लावायचं विसरू नका.

भरून झाल्यावर ब्रेक दाबून लीव्हर प्रत्येक गिअरमध्ये दोनचार सेकंद ठेवा, मग लेव्हल. एक चक्कर मारून परत लेव्हल. रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी लाल डाग आहे का बघा. जुनं ऑईल डब्यात भरून जिथं वापरलेलं ऑईल घेतात तिथं द्या, गटारात किंवा मातीत अजिबात ओतू नका.