वरचा डबा, खालचा डबा: कक्षेतला अंकुरणाचा प्रयोग मुंबईतून कसा चालवायचा

३० डिसेंबर २०२४ ला इस्रोचं पीएसएलव्ही-सी६० रॉकेट उडालं आणि त्याच्या चौथ्या टप्प्याचीच पोएम-४ ही फिरती प्रयोगशाळा झाली. सुमारे ३५० किलोमीटर उंचीवर तिथे इस्रोच्या डब्यात चवळीचे दाणे चार दिवसांत अंकुरले. मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींवरचा प्रयोगही त्याच फेरीत होता. म्हणजे कॉलेजच्या बॉटनी विभागाने हात घालावा असं हे काम आता झालं आहे. बिगर-सरकारी संस्थांसाठी वाट अहमदाबादच्या इन-स्पेस या सरकारी परवाना संस्थेकडून जाते. पुढचं सगळं मुगाचा डबा अशाच, माणूस नसलेल्या प्रयोगशाळेत जाणार आहे असं धरून लिहिलं आहे.

आधी प्रश्न एकच आणि मोजता येईल असा ठरवा. ‘मूग अवकाशात उगवतो का’ हा प्रश्न आता पुरत नाही, कारण भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर मूग आणि मेथी अंकुरवून दाखवली आहे. ‘पहिल्या ४८ तासांत मूळ कोणत्या कोनात वळतं’ हा चालेल. तेवढ्या उंचीवरही पृथ्वीचं ओढणं जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. दाणे, पाणी आणि डबा सगळे एकत्रच पडत राहतात म्हणून वजन उरत नाही. अर्जात ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ असं लिहू नका, परीक्षक तिथेच थांबतात.

डबे तीन बनवा, एकाच खरेदीतल्या सुट्या भागांचे, एकाच आठवड्यात जोडलेले. पहिला वर जाईल, दुसरा तुलनेसाठी खाली जमिनीवर राहील, तिसरा चाचण्यांत मोडण्यासाठी. खालच्या डब्याला उरलंसुरलं सामान वापरायचा मोह हमखास होतो. तो आवरा. वरच्या डब्यातला फरक वजन नसल्यामुळे पडला की मोटर वेगळ्या कंपनीची होती म्हणून, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

बी एकाच पिशवीतलं घ्या. शंभर दाणे ओल्या टिपकागदावर ठेवून पाहा. ९५ पेक्षा कमी उगवले तर पिशवी बदला. आठ दाण्यांच्या प्रयोगात एक मेलेला दाणाही महागात पडतो. मुंबईत जुलैची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते आणि बी ती ओल मुकाट्याने पिऊन घेतं. म्हणून निवडलेले दाणे सिलिका जेलसकट फॉइलच्या पाकिटात बंद करा आणि दर पंधरवड्याला एक पाकीट फोडून उगवण तपासा. दाणे कागदावर गवार डिंकाने चिकटवायचे: १ ग्रॅम भुकटी १०० मिलि पाण्यात, टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच ठिपका, लगेच पंख्याखाली सुकवा. ठिपका मोठा झाला तर त्याच ओलीने बी जागं होतं. प्रत्येक दाण्याचा पांढरा डोळा एकाच बाजूला हवा. मूळ त्याच्या शेजारूनच फुटतं, त्यामुळे डोळे वेगवेगळ्या दिशांना राहिले तर कोनाच्या मोजमापाला अर्थ उरत नाही.

खरा घोळ पाण्याचा. घरी मोड आणताना जास्तीचं पाणी खाली निथळून जातं. वर ‘खाली’ नावाची जागाच नाही. जास्तीचं पाणी पृष्ठताणाने दाण्याभोवती लपेटून बसतं. ऑक्सिजन हवेतून जितका झपाझप पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट संथ तो पाण्यातून पसरतो. मग दाणा भिजून फुगतो आणि गुदमरतो. फोटोत तो टपोरा, छान दिसतो, पण मूळ काही येत नाही.

म्हणून पाणी अंदाजाने नको, वजनाने ठरवा. कोरडे दाणे तोला, आठ तास भिजवा, पुसून परत तोला. वाढलेलं वजन ही दाण्यांची गरज. टिपकागदही कोरडा आणि ओला तोला, पण नुसता दमट, थेंब न गळणारा. दोन्हींची बेरीज सिरिंजमध्ये भरा, शिवाय १० टक्के जास्त. पाणी आधी उकळून त्यातली हवा घालवा आणि निर्जंतुक करून भरा. सिरिंज उभी धरून टिचकी मारून शेवटचा बुडबुडाही बाहेर काढा. कक्षेत बुडबुडा वर येत नाही, तो नळीच्या मधोमध अडकतो आणि पंप पाण्याऐवजी हवा ढकलत राहतो. वेग मिनिटाला ०.१ मिलिपासून सुरू करा. जोरात सोडलं तर पाणी कागदात शिरण्याआधीच गोळा होऊन भिंतीला चिकटतं.

यासाठी तिसऱ्या डब्याची एक चाचणी जरूर करा. डबा आळीपाळीने सहाही बाजूंवर ठेवून दर वेळी नव्या कागदात पाणी सोडा. सहाही वेळा सगळे दाणे सारखे भिजले, तर पाणी कागदाच्या ओढीने चाललं आहे. एकाच बाजूला नीट भिजत असतील तर ते वजनाने चाललं आहे आणि वर फसणार.

बाहेर निर्वात असतं, त्यामुळे डबा हवाबंदच लागतो. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, एक केस अडकला तरी हवा गळते. आत गरम हवा आपोआप वर चढत नाही, म्हणून छोटा पंखा ठेवा, नाहीतर बियांनी सोडलेला वायू त्यांच्याच भोवती साचतो. सर्किट लॅमिंग्टन रोडच्या सुट्या भागांवर उभं करून पाहायला हरकत नाही, पण उड्डाणाच्या डब्यात साधी पीव्हीसी वायर आणि चिकटपट्टी नको. निर्वातात त्यातून वायू सुटतात. स्क्रू लॉकिंग द्रवाने बसवा आणि स्क्रू व डबा यांवरून रंगाची एकच रेघ ओढा. कंपन चाचणीनंतर रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला.

कॅमेऱ्याची काच आतल्या हवेपेक्षा दोन अंश गरम ठेवा, नाहीतर वाफ धरते. दिवा फक्त फोटोपुरता लावा. वजन नसताना रोप उजेडामागे जातं आणि मग तुम्ही मोजता तो उजेडाचा परिणाम.

उड्डाणं पुढे ढकलली जातात. शुक्ला यांचंच उड्डाण मे २०२५ अखेरीपासून लांबत २५ जूनला झालं. तेव्हा पाणी सोडण्याचा आदेश कक्षेत गेल्यावरच जायला हवा आणि कोरडे दाणे डब्यात दोन महिने टिकतात हे आधी तपासलेलं हवं.

खालचा डबा वरच्याबरोबर सुरू करू नका. तो ४८ तास मागून चालवा. वरून आलेलं दर दहा मिनिटांचं तापमान खालचा डबा ठेवलेल्या इनक्युबेटरला जसंच्या तसं द्या, हीटर बंद पडलेला तासही त्यात आला. इनक्युबेटर यूपीएसवर ठेवा, वीज दहा मिनिटं गेली तरी जोडी बिघडते. संपर्काची वेळ दर फेरीला जेमतेम काही मिनिटांची, म्हणून आधी तापमान आणि दाबाचे आकडे उतरवा, मग लहान फोटो, मोठे शेवटी.

दोन्ही डब्यांचे फोटो आले की नावं काढून त्यांना नुसते क्रमांक द्या आणि सरमिसळ करा. कोन मोजणाऱ्या दोघांनाही कुठला फोटो कक्षेतला हे माहीत नसावं. दोघांच्या मापात पाच अंशांहून जास्त फरक पडेल ते मूळ तिसऱ्याने मोजावं, आणि क्रमांकांची यादी सगळी मापं वहीत उतरल्यावरच उघडावी.