लाल नॉब ओढताना या चुका टाळा

छोट्या विमानातला लाल नॉब म्हणजे मिक्स्चर, इंजिनात हवेबरोबर किती इंधन जायचं ते ठरवणारा: पुढे ढकलला की इंधन जास्त (रिच), मागे ओढला की कमी (लीन). ‘पाच हजार फुटांखाली मिक्स्चर फुल रिचच ठेवायचं’ हे वाक्य फ्लाइंग शिकताना बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसतं. पण तो नियम चढाईसाठी आहे, क्रूझसाठी, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना, नाही. सेस्ना १७२मधल्यासारखं टर्बो नसलेलं लायकमिंग इंजिन ७५ टक्के किंवा त्याहून कमी पॉवरवर असेल, तर कोणत्याही उंचीवर लीन करता येतं, असं खुद्द ही इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी सांगते. तीन हजार फुटांवर तासभर फुल रिच उडालात, तर पेट्रोल वाया जातंच, शिवाय १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं स्पार्क प्लगवर बसतं.

त्याहून महागात पडते ती भीत भीत थोडंसंच लीन करण्याची सवय. नॉब मागे घेत गेलं की ईजीटी (एक्झॉस्ट वायूंचं तापमान) वाढत जातं, पीकला म्हणजे कमाल आकड्याला पोचतं आणि मग उतरतं. सिलिंडरमधला दाब आणि सिलिंडर हेडचं तापमान (सीएचटी) मात्र पीकच्या अलीकडे, रिच बाजूला साधारण ४० अंश फॅरनहाइटवर सर्वांत जास्त असतं. जोरात चालणारं इंजिन जपतोय असं समजून आपण नेमके तिथेच थांबतो! म्हणून आधी पॉवर किती आहे ते बघा. ६० टक्क्यांवर या जागेचा फारसा त्रास नाही. ७५वर मात्र विमानाच्या हँडबुकात दिलेली सेटिंगच धरा आणि सीएचटीवर नजर ठेवा. लायकमिंगच्या बऱ्याच इंजिनांवर सीएचटीची लाल रेघ, म्हणजे कमाल मर्यादा, ५०० अंशांना असते, पण मी ४००च्या पुढे जाऊ देत नाही.

ईजीटीचा नुसता आकडा मित्राच्या विमानाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. प्रोब कुठे बसवलाय, त्यावर तो बदलतो. पीकपासून आपण किती दूर आहोत, तेवढंच बघायचं.

लीन करताना इंजिन थरथरलं की ‘डेटोनेशन!’ (मिश्रण नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटणं) म्हणून घाबरू नका. बहुधा सर्वांत कमी इंधन मिळणारा सिलिंडर मिसफायर करत असतो. नॉब जरा पुढे करा, थरथर थांबेल. कार्ब्युरेटरच्या इंजिनात चारही सिलिंडरना सारखं इंधन पोचत नाही, त्यामुळे पीकच्या पलीकडे, लीन बाजूला चालवण्याचा हट्ट तिथे सोडलेलाच बरा. इंजेक्शनचं इंजिन पीकच्या बरंच आधी अडखळू लागलं, तर दोष शोधा. कमी थ्रॉटलला त्रास जास्त आणि पूर्ण थ्रॉटलला कमी असेल, तर इनटेकमधून हवा गळत असावी. एकाच सिलिंडरचं ईजीटी इतरांच्या आधी पीक होत असेल, तर त्याचा इंजेक्टर तुंबलेला असू शकतो. रिचवर गुळगुळीत आणि लीनवर खडखड असेल, तर प्लग काढून बघा. लीन मिश्रण पेटवायला कठीण, त्यामुळे कमजोर ठिणगी तिथेच उघडी पडते.

पॉवर वाढवायची झाली, तर आधी मिक्स्चर, मग थ्रॉटल. उतरतानाही नॉब टप्प्याटप्प्याने पुढे नेत राहा. लीनच राहिलेलं मिक्स्चर गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, थ्रॉटल उघडताक्षणी दगा देतं, आणि तेव्हा पायाखाली जेमतेम दोनशे फूट असतात.