जुनी विळी जलरंगात उतरवताना

पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांच्या ट्युलिप रंगवलेल्या पेट्या, मातीच्या नक्षीदार ताटल्या सरकारी पगारावरच्या चित्रकारांनी जलरंगात उतरवून ठेवल्या. हा ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या, जुन्या वस्तूंची चित्रं काढून ठेवण्याच्या अमेरिकी सरकारी उपक्रमाचा भाग. १९३५ ते १९४२ या काळातल्या या उपक्रमाची एकूण सुमारे १८,००० चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांची शिस्त कोकणातल्या माजघरातही चालते: समोर आहे तीच विळी काढायची, झिजेसकट.

चित्र काढायचंय म्हटलं की घरची माणसं प्रेमाने वस्तू घासूनपुसून ठेवतात. गेली झीज, गेला गंज! आधीच सांगून ठेवा.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत. खरखरीत कागदावर पात्याची कड तुटक येते. पाटाची लांबी, रुंदी, जाडी आणि पात्याची उंची मोजून घ्या. ४० सेंमीचा पाट अर्ध्या मापात २० सेंमी. खवणीचे दाते मोजूनच काढा, अंदाजाने काढलेले लगेच ओळखू येतात. पेन्सिल एचबी, हलक्या हाताने.

फणसाचा पाट नवा असताना पिवळा असतो, वर्षांनी तांबूस तपकिरी होतो. म्हणून आधी यलो ऑकरचा पातळ हात, तो पूर्ण वाळल्यावर बर्न्ट सिएनाचे तीन-चार पातळ हात. पाय दाबून बसायची जागा गुळगुळीत, उजळ झालेली असते. तिथे एक-दोन हात कमी द्या. पात्याला ट्यूबमधला काळा लावलात तर लोखंड कोळशासारखं दिसतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळा, धारेपुरता कागद कोरा सोडा. गंज सगळ्यात शेवटी, कोरड्या ब्रशने.

पावसाळ्यात रंगवूच नये. पहिला हात वाळत नाही, दुसरा त्याला उचलतो आणि सगळा चिखल होतो. दमट हवेत कागदावरची खळही बुरशीने जाते. मग रंग टीपकागदासारखा शोषला जाऊन डाग पडतात. कोरे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवा. पावसात मापं आणि रेखाटनं उरका, रंग दिवाळीनंतर.

मागे नोंद हवीच: त्या घरात वस्तूला काय म्हणतात, गाव, लाकूड, मापं, कोणी घडवली, तारीख. सगळं पेन्सिलीने. शाई ओल लागली की पुढच्या बाजूला उतरते.