पाळकसाहेब नसतील तर रविवारची उपासना कशी चालवावी

शनिवारी रात्री फोन येतो: "साहेबांना बाहेरगावी जावं लागलंय, उद्याचं तुम्ही बघा." घाबरू नका. पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, जागा भरायची नाही, उपासनेचा क्रम सांभाळायचा आहे.

आधी मर्यादा. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) आणि बाप्तिस्मा दीक्षा मिळालेल्या पाळकांकडेच राहतात. पापांगीकारानंतर (पापांच्या कबुलीनंतर) "तुमच्या पापांची क्षमा झाली आहे" असे जाहीर करू नका. त्याऐवजी क्षमेचे वचन, 1 योहान 1:9, वाचा. शेवटच्या आशीर्वादात "तुम्हां सर्वांबरोबर"ऐवजी "आपणां सर्वांबरोबर असो" म्हणा. एका शब्दाचा फरक ("आपणां"मध्ये तुम्हीही येता), पण जुनी माणसे तो बरोबर टिपतात.

रात्रीच क्रम कागदावर उतरवा: आवाहन, गीत, पापांगीकार, स्तोत्र, वाचने, संदेश, विश्वासांगीकार (श्रद्धेचे एकत्र पठण), मध्यस्थीच्या प्रार्थना (इतरांसाठीच्या), दानार्पण, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. स्तोत्र निवडताना त्याची लांबी बघा. 117 व्यात दोनच वचने आहेत, 119 व्यात 176!

वाचकांना रात्रीच कळवा. इंदुरातल्या आपल्या मराठी उपासनेत खरी अडचण इथे येते. आपली मुले शाळेत हिंदी शिकलेली. लिपी तीच, त्यामुळे वाचतात भराभर, पण 23 व्या स्तोत्रातला "मेंढपाळ" हमखास "मेंढपाल" होतो. एकदा मोठ्याने वाचून घ्या. हसू मात्र नका, नाहीतर पुढच्या वेळी ती उभी राहणार नाहीत. बायबलमधले पुस्तक सांगताना त्याची मराठी-हिंदी दोन्ही नावे घ्या: मत्तय म्हणजे हिंदीतले मत्ती, प्रेषितांची कृत्ये म्हणजे प्रेरितों के काम. हिंदी बायबल आणलेल्यांची पाने उलटण्याची धांदल वाचते.

गीते सगळ्यांना येणारीच घ्या. नारायण वामन टिळकांची (1861–1919) गीते घरोघरी पाठ असतात. पेटीवाला आला नाही तर पट्टी खालची धरा. वर सुरू केलेत की दुसऱ्या कडव्यात तुम्ही एकटेच उरता.

संदेशाचा मोह आवरा. पाळकांना विचारून त्यांचाच एखादा लिहिलेला संदेश वाचा आणि तो त्यांचा आहे हे सांगा. तोही नसेल तर शुभवर्तमानाचा उतारा पुन्हा सावकाश वाचून दोन मिनिटे शांत बसा. मला विचाराल तर घाईत जुळवलेल्या प्रवचनापेक्षा हे कधीही बरे.

आजाऱ्यांची नावे प्रार्थनेत घ्यायची तर घरच्यांना आधी विचारा. आजार काय आहे हे सांगायची गरज नसते. दान दोघांनी मिळून मोजावे, वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि मगच बाहेर पोहे-जिलेबीकडे वळावे.