शूटर गेमसाठी संवाद लिहिताय, रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

“सावधान! शत्रूचे सैनिक आपल्या डाव्या बाजूने पुढे सरकत आहेत!”

असं वाक्य स्क्रिप्टमध्ये दिसलं की मी लिहिणाऱ्याला ते घड्याळ लावून मोठ्याने म्हणायला सांगते. तीन-चार सेकंद सहज जातात. त्यातला कामाचा शब्द एकच, ‘डाव्या’, आणि तो येईपर्यंत खेळणाऱ्याला गोळी लागलेली असते. “डावीकडे! दोघं!” एवढं पुरतं. गेमच्या भाषेत अशा तुटक ओळींना ‘बार्क’ म्हणतात. कटसीनमध्ये, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेल्या प्रसंगात, पात्राला हवं तेवढं बोलू द्या, तिथे खेळणारा हात बांधून ऐकत असतो. बार्क मात्र तो धावताना, नेम धरताना, बंदुकांच्या आवाजात ऐकतो. म्हणून बातमी आधी, बाकीचं नंतर. बाकीचं नसलं तरी चालतं.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या चुकीकडे येते. वाक्यं तुकड्यांत रेकॉर्ड करून गेममध्ये जोडायची, ही ती चूक.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या टीमने मोबाइल शूटरसाठी मराठी आवाज करायला मला बोलावलं. प्रोग्रॅमरने तक्ता तयारच ठेवला होता. एका रकान्यात नकाशावरची चौदा ठिकाणं: वाडा, पूल, विहीर, गोदाम, टेकडी वगैरे. दुसऱ्या रकान्यात तीन शेपट्या: ‘कडे चला’, ‘जवळ शत्रू’, ‘वरून गोळीबार’. म्हणजे एका पात्रामागे चौदा अधिक तीन, सतरा फाइली, आणि गेम हवं ते वाक्य जोडून घेणार. इंग्रजीत हे बरंचसं निभावतं, कारण तिथे ठिकाणाचं नाव बदलत नाही. मराठीत वाड्याचा ‘वाडा’ राहतच नाही. वाड्याकडे, पुलाकडे, विहिरीकडे, गोदामाकडे. बिचारी टेकडी तेवढी तशीच राहते. मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. उत्तर आलं, “वेळ नाही, आत्ता असंच करू, नंतर बघू.” मी मान्य केलं, आणि ते मी करायला नको होतं.

बिल्ड, म्हणजे गेमची चालवून बघायची आवृत्ती, हातात आली आणि चार पात्रं ओरडायला लागली: “वाडा... कडे चला! विहीर... जवळ शत्रू!” मध्ये बारीकशी फट, आणि ‘वाडा’चा सूर वाक्य संपल्यासारखा खाली पडलेला. टेस्टिंगला बसलेल्या मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत मराठी आवाज बंद करून हिंदी लावला. मला ते फार लागलं.

मग चौदा ठिकाणं गुणिले तीन शेपट्या गुणिले चार पात्रं, अशा १६८ पूर्ण ओळी नव्याने लिहिल्या. तोवर आमचा मुख्य कलाकार नाटकाच्या दौऱ्यावर गेला होता. परतला तेव्हा आवाज बसका झालेला, आणि स्टुडिओत माइक दुसरा लावलेला. नव्या ओळी जुन्यांशेजारी ठेवल्या की दोन वेगळी माणसं बोलल्यासारखी वाटायची. शेवटी त्या पात्राचं सगळंच पुन्हा रेकॉर्ड केलं. सतरा फाइलींत भागवायची काटकसर आम्हाला सहा आठवड्यांना पडली.

तेव्हापासून कामाला हो म्हणण्याआधी मी तक्ता मागते. पूर्ण वाक्यं लिहायची तयारी नसेल तर ठिकाणं कमी करा, चौदाची पाच करा. आणि माइकची जागा, तोंडापासूनचं अंतर, गेनचा (माइक आवाज किती उचलतो त्याचा) आकडा हे सगळं मी वहीत लिहून ठेवते, शिवाय फोनवर फोटो काढते. पुन्हा बोलावणं येतंच.

याचीच धाकटी बहीण म्हणजे लिंग. “मी रीलोड करतोय” ही ओळ लिहून मोकळे होतात आणि तीच ओळ स्त्री पात्राच्या यादीत जशीच्या तशी चिकटवतात. रेकॉर्डिंगला अभिनेत्री अडखळते, मग बूथमध्ये दुरुस्त्या सुरू होतात, तासाचं भाडं चालूच असतं. मी शक्यतो ओळच अशी लिहिते की प्रश्नच उरत नाही: “मॅगझिन संपलं!” “गोळी लागली मला!” छोटीही होते.

शब्दशः भाषांतर. ‘कव्हर मी’चं “मला झाका” आणि ‘फायर इन द होल’चं “भोकात आग” मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ‘कव्हर मी’ म्हणजे मी पुढे जातो, तुम्ही गोळीबार करून मला सांभाळा. ‘फायर इन द होल’ ही स्फोट होण्याआधी आजूबाजूच्यांना सावध करायची आरोळी आहे. मराठीत “बाँब! मागे व्हा!” म्हणा.

दुसरी मोठी चूक गळ्याची आहे, आणि इथे मला राग येतो. सत्र सुरू झालं की उत्साही मंडळी पहिल्या अर्ध्या तासातच किंकाळ्या, मरणाचे आवाज, आगीत जळण्याचे आवाज घेतात, कारण “ते मजेशीर आहे”. त्यानंतर त्या कलाकाराकडे साध्या बोलण्याचा आवाजच उरत नाही. अमेरिकेत अभिनेत्यांच्या संघटनेने, सॅग-आफ्ट्राने, गेमसाठी आवाज देणाऱ्यांच्या बाजूने २०१६-१७ मध्ये अकरा महिने संप केला. गळ्यावर ताण देणारी सत्रं चारऐवजी दोन तासांची करा, ही त्यातली एक मागणी होती. आपल्याकडे हे कुणी लिहून देत नाही, म्हणून मीच ठरवते: आधी कुजबुज आणि साधं बोलणं, मग हाका, आणि आरडाओरडा अगदी शेवटी, एक तासाच्या वर नाही. मध्ये कोमट पाणी. “अजून एकच टेक” हे वाक्य त्या तासात मी फार जपून वापरते.

ओरडणं खोटं वाटतं, अशीही तक्रार असते. शांत, गादी लावलेल्या खोलीत खुर्चीत बसवून माणसाला ओरडायला सांगितलं तर तो खोटंच ओरडणार. उभं करा, हातभर मागे सरकवा, गेन उतरवा, आणि हेडफोनमध्ये गोळीबार वाजवा. त्या आवाजावर मात करायला गेला की स्वर आपोआप खरा लागतो. हळू बोलून नंतर व्हॉल्यूम चढवायचा शॉर्टकट कानाला लगेच कळतो: कुजबुज मोठी केली तरी ती कुजबुजच राहते.

‘ग्रेनेड!’ एकदाच रेकॉर्ड करू नका. तासाभरात तो शब्द पन्नास वेळा वाजतो. मी किमान आठ वेगवेगळे टेक घेते, आणि आठही वाजून झाल्याशिवाय एकही पुन्हा वाजू नये, असं प्रोग्रॅमरकडून लिहून घेते.

मित्र आणि शत्रू यांना एकच ओळ देऊ नका. ‘ओव्हरवॉच’ या गेममध्ये झार्या हे पात्र आपला अल्टिमेट, म्हणजे सगळ्यात मोठा डाव, टाकते तेव्हा तिच्या बाजूच्यांना इंग्रजी ओळ ऐकू येते आणि विरुद्ध टीमला रशियन. न बघताही कळतं की पळायचं की पुढे जायचं.

आणि शत्रूला एकट्याने बोलायला लावू नका. २००५ च्या ‘फिअर’ या शूटर गेममधले शत्रू फार हुशार वाटायचे. त्यातलं बरंच श्रेय त्यांच्या आपसातल्या बोलण्याला होतं, हे त्याच्या एआयचं, म्हणजे शत्रूंचं वागणं ठरवणाऱ्या कोडचं, काम करणाऱ्या जेफ ऑर्किन यांनी २००६ मध्ये सविस्तर मांडलं. गोळी लागलेल्याने नुसतं कण्हण्याऐवजी दुसऱ्याने त्याची विचारपूस करायची आणि त्याने उत्तर द्यायचं. तुकडीतला शेवटचा उरलेला कुमक मागायचा. कुमक पाठवायची सोय गेममध्ये नव्हतीच. पण पुढे गेल्यावर शत्रू भेटायचेच, आणि खेळणाऱ्याला वाटायचं, आलीच ती कुमक. नवशिके महिनोन्‌महिने एआयचा कोड घासत बसतात आणि संवाद शेवटच्या आठवड्यात उरकतात. तो आठवडा आधी आणा.

फाइलला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं देऊ नका. पात्र, प्रसंग, टेकचा क्रमांक, बस.

थोड्या ओळी माणसाकडून घेऊन बाकीच्या मशीनकडून त्याच्याच आवाजात करून घेऊ, असं हल्ली सर्रास सुचवतात. कलाकाराची लेखी संमती आणि वेगळं मानधन नसेल तर मी त्या कामाला हात लावत नाही. सॅग-आफ्ट्राचा जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला संप याच प्रश्नावर जवळपास वर्षभर चालला.

तपासणी स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर करू नका. आपल्याकडे बहुतेक मुलं फोनवर खेळतात. मी बिल्ड फोनवर घेते आणि संध्याकाळच्या गाडीत, हेडफोन न लावता, फोनच्याच बारक्या स्पीकरवर ऐकते. ठाणे येईपर्यंत ज्या ओळी कळल्या नाहीत त्यांच्यापुढे वहीत फुली मारते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नव्याने लिहायला घेते.