शाळेत पोराला कोणी त्रास देतंय? या चुका टाळा (मी जवळपास सगळ्या केल्यात)

आमच्या पोराची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. भांडुपचा ऑक्टोबरचा उकाडा, पाचवीतला पोरगा, आणि दिवसभरात दोन घोट पण नाही, म्हणून आम्ही आपले रोज ओरडायचो. घरी आला की बूट न काढता सरळ बाथरूमकडे पळायचा, त्याचं तर आम्हाला हसूच यायचं. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला मला महिना लागला. शाळेच्या टॉयलेटमध्ये सातवीतली तीन पोरं बाहेरून दार धरून ठेवायची आणि वरून मगाने पाणी ओतायची, म्हणून हा पाणीच पित नव्हता, म्हणजे जायलाच नको.

तर पहिली चूक हीच की आपण फक्त मार आणि वळ शोधतो. मुलं सांगत नाहीत, पण रोजच्या सवयीत काहीतरी बदलतं. डबा घरी आल्यावर वखवखल्यासारखा खाणं, सोमवारी पोटात दुखणं, कंपास हरवणं, व्हॅनने नको तूच सोड म्हणणं. एखाद्या वेळी काही नसतं, पण तेच तेच दिसायला लागलं तर विचारा.

आणि विचारताना "मग तू काय केलेलंस?" हे वाक्य गिळून टाका. मी तेच विचारलं. पोराने मान खाली घातली आणि पुढचे चार दिवस एक शब्द नाही. त्याच्या कानाला ते "चूक तुझीच असणार" असंच ऐकू आलं ना. "बरं झालं सांगितलंस, पुढे काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. "बाबा, शाळेत सांगू नको" म्हणाला तर नाही सांगणार असं वचन देऊ नका, "तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही" हे सांगा आणि पाळा.

"तूपण दे ठेवून एक"

हे माझ्या वडिलांचं औषध, मी तसंच पुढे दिलं. दोघं सारख्या वजनाचे, आज भांडले उद्या एकत्र वडापाव खाल्ला, ते भांडण झालं, त्यात पडू पण नका. पण नॉर्वेत शाळेतल्या दादागिरीवर, म्हणजे बुलिंगवर, आयुष्यभर काम केलेल्या डॅन ओल्वेउस यांनी तिची जी व्याख्या केली त्यात तीन गोष्टी आहेत, मुद्दाम करणं, परत परत करणं, आणि ताकद एकाच बाजूला असणं. सातवीतले तिघे आणि पाचवीतला एक, यात ठेवून देणार कोण आणि कोणाला? वर डायरीत लाल शेरा यालाच मिळणार.

हात मिळवा, सॉरी बोला

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो आणि शाळा तो अगदी चांगल्या मनाने करते. ऑफिसात चौघांना एका रांगेत उभं केलं, बाई म्हणाल्या चला शेकहँड करा, आपण सगळे मित्र ना. तिघांनी सॉरी म्हटलं, आम्ही खूश, चहा पण प्यायलो. परत येताना रिक्षात पोराने उजवा हात दाखवला, शेकहँड करताना एकाने हसत हसत बोटं पिळली होती, बाईंच्या समोर, माझ्या समोर. आणि कोणाला दिसलं नाही म्हटल्यावर पोरगा काय समजायचं ते समजला.

समेट बरोबरीच्या भांडणात चालतो. इथे एकजण घाबरलेला आहे, त्याला त्यांच्यासमोर उभं करून बोलायला लावणं म्हणजे त्याच्याकडून खोटं "हो बाई, मिटलं" काढून घेणं. तेव्हा शाळेला स्पष्ट सांगा की आधी आमच्या मुलाशी एकट्याशी बोला, मग त्या तिघांशी वेगवेगळं, एकेकाला बोलावून. तिघे एकत्र असले की एकमेकांसाठी हिरो होतात, एकेकटा आला की बऱ्याचदा रडतो.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण मी रात्री साडेअकराला टाकलं. सकाळपर्यंत अर्धे त्यांच्या बाजूचे, अर्धे आमच्या, दुसऱ्या तासाला अख्ख्या वर्गाला माहीत. शिवाय दुसऱ्याच्या लहान मुलाचं नाव असं चव्हाट्यावर आणणं बरोबर पण नाही.

"मुलं आहेत, चालायचंच" असं ऐकवलं तर

तोंडी बोलून येऊ नका, लिहा. तारीख, जागा, कोण होतं, आधी क्लास टीचरला मेल आणि मग मुख्याध्यापकांना. आणि "कडक कारवाई करा" असलं मोघम नको, नेमकं मागा. मधल्या सुट्टीत टॉयलेटच्या पॅसेजमध्ये कोण उभं राहणार, तास चालू असताना मुलाला जायची परवानगी मिळेल का, पुढचा फोन कोणत्या वारी. सीबीएसई शाळा असेल तर बोर्डाने २०१५ मध्येच यावर समिती नेमायला सांगितलेलं आहे, ते दाखवा. बाकी शाळांमध्ये तक्रार पेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) असायला हवी, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतर सरकारने हे परत बजावलंय. पेटी आहे का आणि किल्ली कोणाकडे असते, हे पालक सभेत विचारून बघा, गंमत येते. मूल फारच घाबरलं असेल तर १०९८ चाइल्डलाइनला चोवीस तास फोन लागतो.

पण कपडे ओढणं, नको तिथे हात लावणं, असले फोटो काढणं असं काही असेल तर ते शाळेत मिटवायचं प्रकरणच नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, माहीत असून दाबून ठेवणं हा गुन्हा आहे.

फोनवर चाललं असेल तर मुलाचा फोन काढून घेऊ नका. फोन जाईल या भीतीनेच तर पोरं सांगत नाहीत. आधी तारखेसकट स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट आणि ब्लॉक, आणि जास्त असेल तर सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार.

आजूबाजूच्या पोरांना विसरू नका

आमच्याकडे खरा फरक बाकावरच्या मित्राने पाडला. कॅनडात शाळेच्या मैदानांवरचं व्हिडिओ शूटिंग बघून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये आला होता, त्यात दुसरं मूल मध्ये पडलं तेव्हा ५७ टक्के वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. मध्ये पडणं म्हणजे मारामारी नाही हां. तो मित्र फक्त दाराशी जाऊन ओरडायचा, "चल, बाई बोलवतायत!" बस.

आणि उद्या शाळेतून उलटा फोन आला, की तुमचाच मुलगा त्रास देतोय, तर "आमचा तसा नाहीच" म्हणू नका. त्या तिघांपैकी एकाची आई हेच म्हणाली होती. दुसऱ्याचे वडील "बघतो" म्हणाले आणि त्यांनी त्याला घरी पट्ट्याने मारलं, ते ऐकून मला तक्रार केल्याचंच वाईट वाटलं. मारून तो शिकणार काय, की मोठ्याने लहानाला मारलेलं चालतं.

शेवटचं म्हणजे दोन आठवडे शांत गेले म्हणून फाइल बंद करू नका. आमच्याकडे टॉयलेटचं थांबलं आणि व्हॅनमध्ये सुरू झालं, मागच्या सीटवर. व्हॅनवाल्या काकांना सांगून पोराला पुढे त्यांच्या शेजारी बसवलं. दर शुक्रवारी मी काकांना फोन करतो, ते पण आता माझ्या आधीच मिस कॉल देतात.