दीर्घिकेचा शेजार कसा मोजायचा

‘दाटीतल्या दीर्घिकांमध्ये तारे बनणं थांबतं’ असा आलेख घेऊन कुणी आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला: दाटी मोजली कशी? सगळी मेख तिथेच असते.

स्लोन या आकाश-सर्वेक्षणाची माहिती फुकट मिळते. त्यातल्या वर्णपट घेतलेल्याच दीर्घिका निवडा; वर्णपटातल्या रेषा तांबड्याकडे किती सरकल्यात (ताम्रसृती) त्यावरून दीर्घिका किती वेगाने दूर जातेय आणि किती लांब आहे ते कळतं. नुसत्या फोटोत खेटून दिसणारी शेजारीण प्रत्यक्षात अब्जावधी प्रकाशवर्षं मागे असू शकते. मग प्रत्येक दीर्घिकेसाठी, जिच्या दूर जाण्याच्या वेगात तिच्यापेक्षा सेकंदाला १००० किलोमीटरपेक्षा जास्त फरक नाही अशी पाचवी जवळची दीर्घिका आकाशात किती लांब आहे ते काढा. अंतर कमी, तितकी दाटी जास्त. वेगाची ही खिडकी एवढी रुंद का? समूहातल्या दीर्घिका स्वतःही सुसाट धावत असतात. त्यामुळे ताम्रसृतीच्या नकाशावर कोमा हा दीर्घिकांचा समूह आपल्याकडे रोखलेल्या बोटासारखा लांबट दिसतो. खिडकी अरुंद केलीत तर सख्खे शेजारीच गळतील.

शेजारी मोजताना अंगभूत तेजाची मर्यादा सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर दूरच्या दीर्घिका उगाच एकाकी ठरतात. सर्वेक्षणाच्या काठावरच्या सरळ वगळा.

आता तारानिर्मिती. तिचा दर ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाने भागा. चालू वेगाने वस्तुमान दुप्पट व्हायला शंभर अब्ज वर्षांहून जास्त लागणार असतील, तर ती दीर्घिका थंडावलेली, म्हणजे तारे बनणं जवळपास थांबलेली, धरा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: समान वस्तुमानाच्या दीर्घिकांचीच आपसात तुलना करा. जड दीर्घिका एकट्या असल्या तरी थंडावतात आणि दाटीत जड दीर्घिकांचं प्रमाण मुळातच जास्त असतं. पेंग आणि सहकारी खगोलशास्त्रज्ञांनी २०१० साली वस्तुमानाचा आणि शेजाराचा असे हे दोन परिणाम वेगळे करून दाखवले. शेजाराचा खरा फटका पाहायचा तर ईएसओ १३७-००१ ही दीर्घिका बघा. नॉर्मा समूहात घुसताना तिथल्या तप्त वायूच्या दाबाने तिचा स्वतःचा वायू ओरबाडला जातोय, मागे लांबलचक शेपूट पसरलंय.

काळही मिसळू नका. विश्वातली तारानिर्मिती सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी शिगेला होती. आज ती साधारण दशांशावर आली आहे. ताम्रसृती १ च्या आसपास, म्हणजे सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये, तर एल्बाझ आणि सहकाऱ्यांना २००७ साली उलटंच चित्र दिसलं: दाटीत तारानिर्मिती जास्त! तेवढ्या दूरवर वर्णपट नसतील आणि ताम्रसृती निव्वळ रंगांवरून काढलेली असेल, तर चूकच सेकंदाला हजारो किलोमीटरची असते. तिथे १००० ची खिडकी वापरू नका. ती त्या चुकीहून रुंद हवी.